घुबड, अध्यक्ष आणि संदर्भ क्रमांक एक

आमचे सर कुठलंही लिखाण शेवटाकडून वाचायचे. शोधनिबंध हातात आला की शीर्षक नाही, सारांश नाही, थेट शेवटची पानं उघडायची. संदर्भसूची. गावाकडची जुनी माणसं पेपर आला की आधी निधनवार्तांचं पान काढून बसतात, अगदी तसं. "आधी कोण कोण आलंय ते बघू," सर म्हणायचे, "मग लग्न कुणाचं आहे ते विचारू."

शिरूरच्या ज्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते, तिथंच मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर बेरोजगार. दिवाळीच्या सुट्टीत मी नेमका कोण असतो, हे मला कधीच कळलं नाही. कुणी विचारलंच तर मी विषय बदलायचो.

सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं एक भिंग असायचं. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, कीटक बघायला असेल. कीटकांचं सरांना काही पडलेलं नव्हतं. मासिकाचं नाव तिरक्या अक्षरात छापलं असेल, तर त्याच्या पुढचा पूर्णविराम तिरका आहे की सरळ, हे ते भिंगातून बघत. पूर्णविराम तिरका कसा असू शकतो, असं मी एकदा विचारलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघा. दिसेपर्यंत बघा." मी बराच वेळ बघितलं. शेवटी दिसला म्हणून सांगितलं आणि सुटका करून घेतली. मला तो आजही दिसलेला नाही.

संदर्भ ते मोठ्यानं वाचायचे, आणि विरामचिन्हांसकट. कॅन्टीनमध्ये मिसळीच्या वाफेत बसून त्यांचं सुरू व्हायचं : "आडनाव. मोकळी जागा. आद्याक्षरं, मध्ये टिंब नको. पूर्णविराम. शीर्षक. पूर्णविराम. मासिक, आखूड करून. साल. अर्धविराम. खंड. कंसात अंक. अपूर्णविराम. पानं." कॅन्टीनवाल्या मामांना हे ऐकून ऐकून इतकं पाठ झालं होतं, की ते चहा आणताना म्हणायचे, "सर, दोन कटिंग, स्वल्पविराम, एक बिनसाखरेचा, पूर्णविराम." सर प्रसन्न होऊन मान डोलवायचे.

ही खोड कुठून आली, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. सर शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात वाढलेले. वडील देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायबलचं वचन वाचायचे, आई घरात. "आमच्या घरी नुसतं वचन म्हणून चालायचं नाही. पुस्तक, अध्याय, वचनाचा आकडा. ते सांगितल्याशिवाय आई वरण वाढायची नाही. आकडा चुकला की कोरडा भात. मी लहानपणी पुष्कळ कोरडा भात खाल्लाय." त्यामुळे आगापिछा नसलेलं वाक्य कानावर पडलं की त्यांना अस्वस्थ व्हायचं. शिपाई म्हणाला, "सर, उद्या सुट्टी हाय म्हणत्यात." की सर लगेच, "कोण म्हणतात? कुठं म्हणाले? तुम्ही स्वतः ऐकलंत की ऐकणाऱ्याचं ऐकलंत?" स्टाफरूममधल्या गप्पा सर आत आले की बंद पडायच्या. अहो, ज्या गप्पांना पुरावा लागतो, त्या गप्पा मारायच्या कशाला!

मला ते 'इत्यादी' म्हणायचे. पाचसहा जणांनी मिळून निबंध लिहिला की पहिल्याचं नाव छापतात आणि उरलेल्यांना एका शब्दात गुंडाळतात, तो शब्द त्यांनी मला बहाल केला होता. "या, इत्यादी, बसा." मी बसायचो.

माझा अभ्यास गव्हाणी घुबडावर. हा पक्षी उंदीर सगळा गिळतो आणि पचत नाही ते, म्हणजे हाडं आणि केस, गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतो. असे गोळे गोळा करायचे, फोडायचे, आतल्या कवट्या ओळखायच्या आणि कुठल्या जातीचे उंदीर किती, ते मांडायचं. पाटसच्या आसपासची जुनी गोदामं, बंद पडलेल्या टाक्या, पडक्या भिंती मी पालथ्या घातल्या. गोळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून एसटीनं आणायचो. एकदा कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय, मास्तर?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर न्हावऱ्यापर्यंत तीन माणसांच्या बाकावर मी एकटा होतो. गर्दीच्या वेळी हा उपाय मी पुढं मुद्दाम वापरला. कारेगावला मी जिथं खोली घेऊन राहत होतो, तिथल्या घरमालकीणबाईंनी मात्र डबे आत आणायला बंदी केली. "घुबाड ते घुबाड, आन् वर त्याची उलटी! तुमी मास्तर हायसा का कोण हायसा?" हा प्रश्न मलाही अधूनमधून पडायचा, ते मी सांगितलंच.

अशात कॉलेजात कायम प्राध्यापकाची एक जागा निघाली. एकच. सर वर्षअखेर निवृत्त होणार होते, त्यांच्या मागं विभागात कायम असं कुणीच उरत नव्हतं. अट अशी की मुलाखतीपर्यंत उमेदवाराचा एक निबंध बऱ्या मासिकात स्वीकारलेला पाहिजे. माझ्याकडे घुबडं होती, कवट्या होत्या, तक्ते होते. निबंध लिहून झाला होता. राहिली होती ती फक्त संदर्भसूची. 'फक्त' हा शब्द मी तेव्हा वापरला होता. आता वापरत नाही.

पहिल्यांदा मी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. सगळे संदर्भ त्यात टाकले, बटण दाबलं, सूची तयार. इतका आनंद झाला की मी ती न वाचता सरांना नेऊन दिली. सरांनी भिंग लावलं आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले.

"हे विभाग कोण?"

"कोण विभाग, सर?"

"हेच. आडनाव विभाग, आद्याक्षर कृ. शिरूरचे की दौंडचे? एकदा भेट घालून द्या."

सॉफ्टवेअरनं कृषी विभागाला माणूस समजून त्याचं आडनाव पुढं आणलं होतं. खाली 'समिती, स.' नावाच्या एक बाईही होत्या. बाई हे आपलं मला वाटलं.

दुसऱ्यांदा मी मोबाइलवरच्या त्या बोलक्या यंत्राला विचारलं, जे काहीही विचारा, आत्मविश्वासानं उत्तर देतं. त्यानं मला घुबडांवरचे असे सुरेख संदर्भ दिले की मी हरखून गेलो. खंड, अंक, पानं, सगळं जागच्या जागी. पूर्णविरामसुद्धा सरांना आवडतील असे. सरांनी त्यातला एक आठवडाभर शोधला. ग्रंथालयं धुंडाळली, ओळखीच्यांना फोन केले, ज्याच्या नावावर निबंध होता त्या परदेशी माणसाला पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर आलं की मी घुबडांवर कधीच काम केलेलं नाही, मी गोगलगायींचा माणूस आहे, पण आपल्या पत्रातली विरामचिन्हं पाहून आनंद वाटला. सरांनी ते उत्तर मला वाचून दाखवलं आणि एवढंच म्हणाले, "इत्यादी, ज्याचं नाव घ्यायचं त्याची भेट झालेली पाहिजे. निदान कागदावर तरी."

मी कानाला खडा लावला. आता यंत्रं नकोत, सगळं हातानं करायचं. आणि नेमके त्याच वेळी सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. मी एकटा सापडलो.

आता आमच्या भागातली एक रीत सांगतो, म्हणजे माझं डोकं कसं चाललं ते कळेल. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नवरानवरीची नावं शोधावी लागतात. कारण वर आमदार, मग संस्थेचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, सरपंच, उपसरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, मग सगळी भावकी, आणि तेही मानाच्या क्रमानं. एक नाव राहिलं, की ते घर लग्नाला येत नाही. नाव खालच्या ओळीत गेलं, की येतं, पण जेवत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता आणि त्यात एका चुलत मामांचं नाव गळालं. मामा लग्नाला आले, मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले, आणि अक्षतासुद्धा त्यांनी रस्त्याच्याच दिशेनं टाकल्या. तेव्हापासून कागदावर नावं छापायची वेळ आली की माझा हात आपोआप मानाकडे वळतो.

मुलाखतीच्या मंडळावर संस्थेचे अध्यक्ष बसणार होते. सगळा तालुका त्यांना आप्पा म्हणतो. पाटसजवळ त्यांचा मोठा बागायती ऊस. त्यांच्या वाढदिवसानिमित्त कार्यकर्त्यांनी काढलेला एक जाडजूड गौरवग्रंथ विभागात पडून होता. मी निबंधाचं पहिलंच वाक्य लिहिलं, 'पक्षी हे शेतकऱ्यांचे मित्र आहेत,' आणि त्याला संदर्भ क्रमांक एक म्हणून आप्पांचा गौरवग्रंथ जोडला. संदर्भ दोन, प्राचार्यांचं स्नेहसंमेलनातलं भाषण. तीन, उपाध्यक्षांचा शेतीवरचा लेख. असं करत सातव्या क्रमांकावर आमचे ग्रंथपाल. ज्या शास्त्रज्ञानं सगळं आयुष्य गव्हाणी घुबडांमागं घालवलं, तो बिचारा आठवा आला. मला मनातून वाटलं, त्यानं समजून घ्यावं, तो तालुक्याबाहेरचा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी निबंध मासिकाकडे धाडला आणि त्याची एक प्रत बाइंडिंग करून स्वतः आप्पांच्या हातात नेऊन दिली. आप्पांनी पहिलं पान उघडलं, शेवटचं पान उघडलं, संदर्भ एकवर बोट ठेवलं आणि बंगल्यावर बसलेल्या सगळ्यांना दाखवलं. "परदेशात चाललंय ह्ये. एक लंबर." मला पेढा मिळाला. नोकरी मिळाल्यासारखाच तो मी खाल्ला.

महिन्याभरानं मासिकाचं उत्तर आलं. सर तेव्हा परत आले होते, डोळ्यावर हिरवा पडदा, गळ्यात भिंग. उत्तर त्यांनीच वाचलं. संपादक म्हणत होते, काम चांगलं आहे, स्वीकारायचा विचार आहे, पण दोन गोष्टी. एक, पहिले सात संदर्भ सापडत नाहीत आणि ते कशाला जोडलेत तेही कळत नाही, काढून टाका. दोन, उसाच्या गाळप हंगामात घुबडांच्या गोळ्यांत शेतातल्या उंदरांच्या कवट्या एकदम वाढलेल्या दिसतात, ते का, याचा काहीतरी आधार द्या.

सरांनी निबंधाचं शेवटचं पान उघडलं. पडदा वर केला. भिंग लावलं.

"पक्षी शेतकऱ्यांचे मित्र आहेत. संदर्भ एक. हे ग्रंथात कितव्या पानावर आहे?"

"पान बघावं लागेल, सर."

"ग्रंथ वाचलाय?"

"फोटो बघितलेत."

सरांनी भिंग खाली सोडलं. मग शांतपणे म्हणाले, "इत्यादी, ही पत्रिका फार सुंदर झालीय. फक्त नवरदेव आठवा आहे."

"सर, आप्पांचं नाव काढलं तर नोकरी जाते."

"ठेवलं तर निबंध जातो. निबंध गेला की नोकरी जातेच. तुम्ही दोन्ही दारांना बाहेरून कडी लावून मध्ये उभे आहात." हे बोलताना त्यांचा चेहरा मात्र खुलला होता. माणूस अडचणीत नव्हे, सूची अडचणीत दिसली की सरांना हुरूप यायचा. ते उठले, पडदा खाली केला, आणि म्हणाले, "चला. आप्पांना विचारून येऊ."

"काय विचारायचं?"

"घुबडाबद्दल त्यांना काय माहीत आहे ते."

न्हावरा आणि चौफुला करत आम्ही दुपारी पाटसला उतरलो. वाटेत मी दोनदा पोटात दुखतंय म्हणून सांगून बघितलं. सरांनी विचारलं, "कुठं दुखतंय? कधीपासून?" आणि पुढचा तपशील मला सुचला नाही.

आप्पांच्या शेतात तोड चालू होती. आप्पा बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, फोन कानाला. आम्हाला बघून उठले. "या या मास्तर, आलं का परदेशातनं? सर, तुमीबी? आरं, खुर्च्या आणा रं."

सर उभेच राहिले. "आप्पा, तुमचं नाव यादीतून काढायला आलोय."

मी जवळचा एक ऊस बारकाईनं बघायला लागलो.

"काढायला?" आप्पांनी फोन खाली घेतला. "कुणी सांगितलं?"

"मासिकाच्या संपादकांनी."

"कुठल्या तालुक्याचा हाय त्यो? लावा फोन. आत्ता बोलतो."

"फोन करून उपयोग नाही. त्यांचं बरोबर आहे. ग्रंथात पक्ष्यांबद्दल तुम्ही काय लिहिलंय?"

"म्या कवा लिवलंय? त्ये सगळं आमच्या भाच्यानं लिवलंय. म्या वाढदिवसाला बसलो हुतो."

"मग तुमचं नाव कशाला घ्यायचं?"

शेजारी उभ्या मुकादमानं तंबाखू मळायचं थांबवलं. मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीचं तासिकांचं वेळापत्रक मांडायला लागलो. आणि सरांनी त्याच आवाजात पुढचा प्रश्न टाकला, "लिहिलेलं राहू द्या. तुम्ही स्वतः घुबड कधी बघितलंय?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. "बघितलंय का म्हंजी? सर, तुमी मला काय समजता? जन्म ह्या बांधावर गेला माझा. त्यो डांब दिसतोय का, लायटीचा? जवा जवा तोड असती, तवा तवा ह्यो बाबा दिस मावळायला त्या डांबावर येऊन बसतो."

"ऐकलंय की बघितलंय?"

"ह्या डोळ्यांनी!"

"पहिल्या दिवसापासून येतो?"

"न्हाई, न्हाई. ऊस उभा हाय तवर न्हाई येत. सगळं रान तुटत आलं, शेवटच्या पाचधा सऱ्या राहिल्या, म्हंजी मग. सगळ्या रानातलं उंदीर पळत पळत त्या शेवटच्या सऱ्यात गोळा झालेलं असत्यात. आन् त्या सऱ्या तुटायला लागल्या की त्येस्नी जायाला जागाच न्हाई. उघड्यावर येत्यात. ह्यो वरनं बघत असतो. आमचं मुकादम म्हणत्यात, ह्यो आमच्यापेक्षा आधी येऊन हजेरी लावतो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे. गाळप हंगामात कवट्या का वाढतात, याचं उत्तर माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं. ते आप्पांच्या विजेच्या खांबावर बसलेलं होतं.

त्यानंतर सरांनी आप्पांची जी उलटतपासणी घेतली, ती मी कोर्टातही बघितलेली नाही. डांब शेवटच्या सरीपासून किती लांब? नव्या लागणीच्या उसात येतं की तोडल्यावर फुटलेल्या खोडव्यातही? दुसऱ्या कुणाच्या रानात बघितलंय का? वाऱ्याच्या दिवशी? आप्पा आधी चिडून उत्तरं देत होते, मग सावरून बसले, मग खुर्ची पुढं ओढून घेतली. मला वाटतं, त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर खरोखर त्यांनाच ठाऊक होतं. एकदा ते म्हणाले, "हे न्हाई सांगता यायचं, बघितलं न्हाई," आणि सर इतके खूष झाले की त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला.

"आज इथं शेवटच्या सऱ्या कुठं राहिल्यात?" सरांनी विचारलं.

"ह्या काय, समोर. दिस बुडायच्या आत तुटतील."

"मग थांबतो आम्ही."

आम्ही थांबलो. आप्पाही थांबले, दोन बैठका त्यांनी फोनवर रद्द केल्या. सूर्य उसाच्या ट्रॉलीमागं गेला. तोडकऱ्यांचे कोयते चालत होते. शेवटच्या सऱ्या हलायला लागल्या, आतून खसफस. आणि कुठून आलं कळलं नाही, पण डांबावर ते होतं. पांढरं, हृदयाच्या आकाराचं तोंड, एखाद्या परीक्षकासारखं खाली बघत. सरांनी घाईत गळ्यातलं भिंग उचलून डोळ्याला लावलं. इतक्या लांबचं भिंगातून काय दिसणार! पण कुणी हसलं नाही. एक उंदीर उघड्यावर आला. पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. फक्त पांढरं काहीतरी खाली आलं आणि वर गेलं.

"बघितलंसा का?" आप्पा ओरडले. "बघितलंसा का, सर?"

"बघितलं, आप्पा! बघितलं!" सर लहान पोरासारखे टाचा उंचावून उभे होते. मी तर मुकादमाला मिठीच मारली. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानंही मारली.

मग बांधावरच चहा आला आणि सरांनी आप्पांना नियम समजावून सांगितला. जे छापलेलं आहे आणि कुणालाही काढून वाचता येतं, तेच सूचीत जातं. जे कुणी आपल्याला तोंडानं सांगितलं, ते सूचीत जात नाही. ते मजकुरातच लिहितात, सांगणाऱ्याचं नाव, कंसात 'वैयक्तिक संवाद' आणि दिनांक. त्याची लेखी संमती मात्र लागते.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी यादीत न्हाईच?"

"नाही."

"यादी कुठं असती?"

"शेवटी. बारीक अक्षरात."

"आन् मजकूर?"

"मधोमध. मोठ्या अक्षरात."

आप्पा विचारात पडले. चाळीस पत्रिका आणि शंभर स्टेजं बघितलेला माणूस तो. "म्हंजी यादी म्हंजी पत्रिकेच्या खालचं 'आपले स्नेहांकित'. आन् मजकूर म्हंजी डायरेक खुर्ची, नवरदेवाच्या शेजारी."

"तसंच," सर म्हणाले.

"मग काढा की यादीतनं! आधी काढा! कुणी घातलं हुतं तिथं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा ऊस बघितला. पण तो तुटून गेला होता.

"आन् प्राचार्यांचं काय? त्येंनाबी मजकूर का?"

"प्राचार्यांनी घुबड बघितलंय का?"

आप्पांनी तिथूनच फोन लावला. "प्राचार्य, तुमी कवा घुबाड बघितलंय का? ... न्हाई ना? मग तुमचं नाव निघतंय. नमस्कार." उपाध्यक्ष, ग्रंथपाल, सगळे असे एकेका फोनवर सुटले. जे काम मला जन्मात जमलं नसतं, ते चहा निवायच्या आत झालं.

पुढचे काही दिवस सरांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आम्ही सूची पुन्हा पहिल्यापासून केली. प्रत्येक निबंध समोर उघडून. सर वाचायचे, मी लिहायचो, आणि काकू आतून भाजी चिरता चिरता म्हणायच्या, "अहो, अंकानंतरचा कंस पूर्ण केला नाही तुम्ही." त्या संसारात त्यांनीही बराच कोरडा भात खाल्ला असावा. तो घुबडांचा शास्त्रज्ञ एकदाचा पहिला आला. निबंध पुन्हा मासिकाकडे धाडायचं बटण दाबायच्या आधी सरांनी केस विंचरले.

निबंध स्वीकारला गेला. संपादकांनी शेवटी लिहिलं होतं की इतकी निर्दोष संदर्भसूची आम्ही फार दिवसांत पाहिली नाही. मी उड्या मारल्या. सरांनी ते वाक्य भिंगाखाली धरलं, तीनदा वाचलं आणि म्हणाले, "यात एक स्वल्पविराम राहिलाय त्यांचा." आणि ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

मुलाखतीला बाहेरच्या तज्ज्ञांनी मला दहा प्रश्न विचारले. त्यातले चार आले. मग आप्पांची पाळी. त्यांनी एकच विचारलं, "घुबाड कवा येतं?"

"शेवटच्या सऱ्यांना, आप्पा."

आप्पांनी तज्ज्ञांकडे वळून गंभीरपणे सांगितलं, "आमचा वैयक्तिक संवाद हाय." तज्ज्ञांनी निबंध उघडला, ते पान काढलं, वाचलं, आणि ते घुबडाबद्दल आप्पांनाच प्रश्न विचारायला लागले. मला कुणीतरी बाहेर जायला सांगितलं. नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा मी आता प्राध्यापक असतो.

निबंध छापून आला त्या दिवशी पाटसच्या चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला फोन कानाला लावलेले आप्पा, दुसऱ्या बाजूला घुबड, दोघंही समोर रोखून बघत असलेले. वर 'परदेशी शोधनिबंधात नामोल्लेख झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि खाली, जिथं एरवी कार्यकर्त्यांचे फोटो असतात, तिथं आमच्या निबंधाचा पूर्ण संदर्भ : खंड, अंक, पानं, मासिकाचं नाव तिरक्या अक्षरात. त्यासाठी सर दौंडच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात अर्धा दिवस ठाण मांडून बसले होते. पहिल्या लेखकाच्या जागी माझं नाव होतं. हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीला ते वाचता येत होतं. मी तिथं उभा राहून वाहनं मोजत नव्हतो, पण हलतही नव्हतो.

तेवढ्यात भांडगावचे एक माजी सरपंच मोटरसायकल थांबवून उतरले. आधी फ्लेक्सला, मग सरांना नमस्कार केला. "सर, आमच्या टाकीतबी घुबडाची जोडी हाय. ह्या साली त्येनं काय केलंय, म्या सांगतो तुमाला. आन् यादीत नगं हां. मजकुरात."

"स्वतः बघितलंय?" सरांनी विचारलं.

"व्हय तर. काल."

सर लगेच त्यांच्या मागं बसले. मी म्हटलं, "सर, आत्ता? मासिक आजच आलंय, जरा बघू तरी द्या." सर पुढं सरकले आणि मागची वीतभर जागा थोपटली. मी बसलो. तिघंजण, एक मोटरसायकल, सोलापूर रस्ता. वाऱ्यात सर पुढच्या माणसाच्या कानात ओरडून विचारत होते, "कुठल्या बाजूनं आलं? किती वाजता? वारा होता का?" आणि माजी सरपंच, एकेका प्रश्नाला गाडी हळू करत, ताठ मानेनं उत्तर देत होते.